खडकांतील तेल आणि कर्बाम्लवायु

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभें राहून पश्चिमेकडे पाहिलें असतां केवळ पाणीच दिसतें. परंतु याच समुद्रांत, मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरांवर, ‘मुंबई हाय’ हें तेलक्षेत्र आहे. तें १९७४ सालीं सांपडलें व १९७६ सालीं तेथून तेल निघूं लागलें.

समुद्रतळाखालीं तेलाचें तळें असतें असें मात्र समजूं नये. चुनखडीच्या सूक्ष्म छिद्रांत तें मुरलेलें असतें. प्रथम भूगर्भाच्या दाबानें तेल आपोआप वर येतें. दाब घटला म्हणजे पाणी आंत सोडून तें पुढें ढकलितात. तरीहि पुष्कळ तेल खडकांतच अडकून राहतें.

अशा तेलाकरितां कांहीं देशांत कर्बाम्लवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, वापरितात. आपल्या उच्छ्वासानें चुन्याची निवळी दुधाळ करणारा तोच हा वायु! मोठ्या दाबाखालीं तो तेलांत विरघळतो. तेल फुगतें, पातळ होतें व वाहूं लागतें. टेक्सासमधील सॅक्रॉक क्षेत्रांत १९७२ सालीं हें काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालें. शेजारच्या गुजरातेंत कोयलीच्या तेलशुद्धि कारखान्यांतील वायु गांधार क्षेत्रांत वापरण्याविषयीं २०१९ सालीं करार झाला.

तेलाबरोबर वर आलेला वायु वेगळा काढून पुन्हा आंत सोडतां येतो. उरलेला खालींच राहतो. पृथ्वी तापविणारा वायु असा कोंडला जातो, हा लाभ खरा. परंतु मिळालेलें तेल जाळतांच नवा वायु हवेंत जातो. म्हणून आंत किती गेला व बाहेर किती आला, हे दोन्ही आंकडे मांडावे. अर्धें गणित सोडवून उत्तर बरोबर येत नाहीं.