स्टार माणूस दुकानात घेण्याआधी: कबड्डीच्या लिलावातून पाच प्रश्न



या आठवड्याच्या व्हिडिओत मी प्रो कबड्डीच्या लिलावाचं उदाहरण दिलं होतं. वेळ कमी पडला, आकडे भरभर सांगितले गेले. म्हणून इथे सगळं सावकाश लिहिते आहे. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी प्रसंग सांगते. 15 आणि 16 ऑगस्ट 2024 ला मुंबईत प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाचा लिलाव झाला. कांजूरमार्गला माझं पडदे आणि फर्निशिंगचं दुकान आहे. दुकानातले दोघे फिटर आणि शेजारचे चहावाले काका, तिघेही यू मुंबाचे पक्के. शटर अर्धं खाली, मोबाईल काउंटरवर उभा केलेला आणि चर्चा एकच: "पवन येतो का आपल्याकडे? सचिन तरी मिळेल का?"

पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने 1.725 कोटींना परत ठेवलं. सचिन तन्वरला तमिळ थलैवाजने 2.15 कोटींना नेलं. यू मुंबाने 1.015 कोटी मोजले ते सुनील कुमारवर, म्हणजे पकड करणाऱ्यावर. आमचा मोठा फिटर वैतागला. "ताई, चढाईला माणूस नाही आणि हे बचावाला कोटी देतात!"

पुढे काय झालं? आदल्या हंगामात यू मुंबाला प्लेऑफ गाठता आला नव्हता, या हंगामात गाठला. दोन कोटींच्या सचिनची थलैवाज टीम मात्र प्लेऑफच्या बाहेर राहिली.

चाहता विचारतो, "तो आपल्याला मिळेल का?" मालकाने विचारायचं असतं, "तो मिळाल्यावर आपल्याकडे काय उरेल?" आजचा धडा एवढाच. आता तो तुमच्या दुकानाला कसा लावायचा ते पाहू.

लिलावाचं गणित दोन मिनिटांत

अकराव्या हंगामात प्रत्येक संघाला 5 कोटींची पिशवी होती. त्यातच किमान 18 आणि जास्तीत जास्त 25 खेळाडू बसवायचे. खेळाडूंचे चार गट, मूळ किंमत अ गटाला 30 लाख, ब ला 20, क ला 13 आणि ड ला 9 लाख. म्हणजे मालक कितीही श्रीमंत असला तरी पिशवी सगळ्यांची सारखी. एकावर जास्त टाकले की बाकीच्यांचे कमी होणारच.

आपल्या दुकानाचं वेगळं काय आहे? महिन्याला पगारासाठी जेवढे बाजूला निघतात तेवढीच आपली पिशवी. फरक इतकाच, की कबड्डीवाल्यांना ती पिशवी नियमाने आखून दिलेली असते. आपल्याला कोणी आखून देत नाही, म्हणून आपण गल्ल्यातून काढत राहतो आणि महिनाअखेरीला व्यापाऱ्याचं पेमेंट अडकतं.

प्रश्न 1: माझ्या पिशवीतला किती हिस्सा एका माणसावर जातोय?

दहाव्या हंगामात, 2023 च्या लिलावात, टायटन्सने पवनला 2.605 कोटींना घेतलं. 5 कोटींतले 52 टक्के. पवन कमी पडला का? अजिबात नाही, त्याने चढाईत 200 च्या वर गुण मिळवले. पण टायटन्सने 22 पैकी फक्त 2 सामने जिंकले आणि शेवटचा नंबर आला.

हे वाचून "म्हणजे महागडा माणूस घेऊच नये" असं लिहून ठेवू नका. थांबा. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला 2.35 कोटींना घेतलं. 47 टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढाच हिस्सा. आणि पलटण चॅम्पियन झाली. 1 मार्च 2024 च्या फायनलमध्ये त्यांनी हरियाणा स्टीलर्सला 28-25 ने हरवलं.

हिस्सा जवळपास सारखा, निकाल दोन टोकांना. का? त्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आहे.

प्रश्न 2: माझ्याकडे भोक नेमकं कुठे आहे?

पलटण आदल्या हंगामात फायनल खेळलेली होती. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे अशी स्वतः घडवलेली तरुण पोरं हाताशी होती, चढाईची चिंता नव्हती. गेला होता तो फझल अत्राचली, डावा कोपरारक्षक. शादलू काय आहे? डावा कोपरारक्षकच. म्हणजे भिंतीत जिथे भोक पडलं, नेमकी तिथलीच वीट आणली. त्या हंगामात शादलूने पकडीचे 99 गुण मिळवले, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त.

आता माझी चूक सांगते. ही मी व्हिडिओत सांगितली नव्हती.

2022 च्या गणपतीनंतर मी ठाण्याच्या एका मोठ्या शोरूममधला सेल्समन आणला. बोलायला गोड, कापड हातात घेतलं की कस्टमरचा हात आपोआप पर्सकडे जायचा. पगार 42 हजार. तेव्हा माझं पगाराचं बजेट महिन्याला 95 हजार. उरले 53 हजार. त्यात मोठा फिटर 18, धाकटा फिटर 14, काउंटरवरची मुलगी 12 आणि मदतनीस पोरगा 9. (टेलरकाका नगावर शिवतात, त्यांचा हिशोब वेगळा.)

आकडा दुकानात लपत नाही. मोठ्या फिटरने आठवड्यात विचारलं, "ताई, मी सहा वर्षं आहे. मला तीन हजार वाढवा." मागणी चुकीची नव्हती, पण माझ्याकडे तीन हजारही नव्हते. "दिवाळी होऊ दे" म्हणाले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही.

आणि सेल? सेल जोरात! एल.बी.एस. मार्गाच्या बाजूच्या टॉवरांतून एवढ्या ऑर्डरी त्या आधी कधी आल्या नव्हत्या. पण पडदा विकला म्हणजे काम झालं असं नसतं. माप घ्यायचं, शिवून आणायचा, रॉड ठोकायचा, टांगून इस्त्री मारून द्यायचा. तेव्हा बाकीचे पैसे मिळतात. धाकट्या फिटरने दोन खिडक्यांची मापं चुकवली, कापड वाया गेलं. धनत्रयोदशीला 11 घरांची फिटिंग बाकी होती. चौघांनी ॲडव्हान्स परत मागितला. एक मावशी दुकानात उभं राहून म्हणाल्या, "पाहुणे यायचेत, खिडकीला मी चादर लावू का?" मला वर बघवलं नाही.

जानेवारीत सेल्समनही गेला, आणखी मोठ्या शोरूमला. त्याला दोष देत नाही. त्याने त्याचं काम चोख केलं, जसं पवनने केलं. चूक निवडीची होती. माझं भोक फिटिंगमध्ये होतं आणि मी माणूस विक्रीला आणला.

तुमचं भोक ओळखायचं कसं? गेल्या तीन महिन्यांत कस्टमर ज्या कारणांनी रागावले किंवा परत गेले, ती कारणं एकाखाली एक लिहा. जे कारण सर्वांत जास्त वेळा येईल, भोक तिथे आहे. माझ्या यादीत "फिटिंगला उशीर" 14 वेळा आणि "सेल्समन नीट बोलला नाही" फक्त 2 वेळा होतं. ही यादी मी सेल्समन आणण्याआधी केली असती तर!

प्रश्न 3: हा माणूस पडला किंवा गेला तर?

2022 च्या लिलावात थलैवाजने पवनला 2.265 कोटींना घेतलं होतं, तेव्हाचा विक्रम. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि तो पूर्ण हंगाम बाहेर. टीम संपली असं सगळे म्हणाले. पण नरेंदर नावाचा नवा पोरगा उभा राहिला, त्याने चढाईत 243 गुण काढले आणि थलैवाज सेमीफायनलला पोचले.

असा नरेंदर आयत्या वेळी सापडत नाही, तो आधीपासून बाकावर बसवलेला असावा लागतो. तुमच्याकडे माप घेणारा एकच, टॅली बघणारा एकच, व्यापाऱ्याशी बोलणारा एकच असेल, तर त्याच्या तापाच्या दिवशी दुकान बंद. आठवड्यातला एक दिवस ठरवा, त्या दिवशी ते काम दुसऱ्याने करायचं आणि पहिल्याने फक्त बघायचं. सुरुवातीला चुका होतात. त्या सीझन नसताना होऊ द्या.

प्रश्न 4: मी गेल्या वर्षीच्या कामाचे पैसे देतोय की पुढच्या?

सिद्धार्थ देसाई आपला कोल्हापूर जिल्ह्यातला, चंदगड तालुक्यातला. 2018 ला यू मुंबाने त्याला 36.4 लाखांना घेतलं. फार कोणाला नाव माहीत नव्हतं. त्याने चढाईत 218 गुण केले. पुढच्याच वर्षी टायटन्सने त्याला 1.45 कोटी दिले, जवळपास चौपट. त्याने तिथेही दोनशेच्या वर गुण मिळवले, पण टायटन्स तळाकडेच राहिले. फायदा कोणाला झाला? ज्यांनी त्याला 36 लाखांत ओळखलं त्यांना.

लहान दुकानाची ताकद इथेच आहे. तयार माणसाच्या किमतीत आपण मोठ्या शोरूमला हरवू शकत नाही. पण घडणारा माणूस त्यांच्याआधी ओळखू शकतो, कारण आपण त्याच्या शेजारी उभे असतो. त्यांच्याकडे बायोडेटा येतो, आपल्याला तो पोरगा शिडी कशी धरतो ते दिसतं.

घडवला की तो जाईल, ही भीती खरी आहे. सिद्धार्थही गेलाच. म्हणून पाचवा प्रश्न.

प्रश्न 5: माझ्या माणसाला मी कुठपर्यंत थांबवू शकतो?

लिलावात 'फायनल बिड मॅच' नावाचं कार्ड असतं. आपल्या जुन्या खेळाडूवर दुसऱ्याने शेवटची बोली लावली की तेवढेच पैसे देऊन त्याला परत ठेवता येतं. टायटन्सने 2024 ला पवनला असंच ठेवलं. आणि आकडा बघा: आदल्या वर्षी 2.605 कोटी, या वर्षी 1.725. माणूस तोच.

तुमच्याही प्रत्येक महत्त्वाच्या माणसापुढे वहीत आजच एक आकडा लिहा: "बाहेरून एवढी ऑफर आली तर मी जुळवीन, याच्या वर नाही." तो राजीनामा घेऊन समोर उभा राहिला की डोकं चालत नाही. तेव्हा आपण एक तर घाबरून जास्त देतो, नाहीतर चिडून "जा" म्हणतो.

आणि किंमत फक्त पगाराची नसते. प्रो कबड्डी आली 2014 ला. त्याआधी मंडळातल्या गुणी पोराच्या घरचे काय बघायचे? रेल्वे घेते का, भारत पेट्रोलियम घेते का, महिंद्रा घेते का. कायमची नोकरी हाच मोठा भाव होता. आजही तुमच्या माणसाला शाश्वती हवी असते. ठरलेल्या तारखेला पगार, ठरलेली साप्ताहिक सुट्टी, पोरांच्या फीच्या वेळी न कुरकुरता उचल, नवीन काम शिकण्याची संधी. भांडुपहून चालत कामावर येणाऱ्याला ठाण्याच्या लोकलची गर्दी नको असते, त्यालाही किंमत आहे. पण हे सगळं तोंडाने सांगा. मनात ठेवलेली सोय पगारात धरली जात नाही.

पुढे मी काय केलं

2023 च्या मार्चमध्ये मी दसऱ्यानंतर न आलेल्या मोठ्या फिटरच्या घरी गेले. आधी माफी मागितली, मग 26 हजार सांगितले. बजेट तेच 95 हजार, म्हणजे हिस्सा साधारण 27 टक्के. उरलेल्या 69 हजारांत धाकट्याचा पगार वाढवला, काउंटरवरच्या मुलीला विक्री शिकवायला लागले आणि थोडी रक्कम दिवाळीच्या जादा हातांसाठी बाजूला ठेवली. त्या दिवाळीला ऑर्डरी आदल्या वर्षीपेक्षा कमी होत्या. पण वसुबारसेपर्यंत सगळ्या खिडक्यांना पडदे लागले होते, एकही ॲडव्हान्स परत गेला नाही आणि हातात पैसे जास्त उरले.

गृहपाठ

1. पगाराचं महिन्याचं बजेट एका आकड्यात लिहा. तीच तुमची पिशवी.
2. सर्वांत महाग माणसाचा पगार भागिले बजेट, गुणिले 100. चार-पाच जणांच्या दुकानासाठी माझा ठोकताळा: 35 टक्क्यांच्या वर गेलात तर एकदा थांबून विचार करा.
3. तीन महिन्यांच्या तक्रारींची यादी करा. भोक शोधा.
4. प्रत्येक महत्त्वाच्या कामासाठी दुसरं नाव लिहा. नाव सुचत नसेल तिथे लाल खूण.
5. प्रत्येकापुढे "जुळवण्याचा आकडा" लिहा. ही वही गल्ल्यात ठेवू नका, घरी ठेवा.

हे झालं की मगच "तो आपल्याला मिळेल का" हा प्रश्न विचारायला हरकत नाही. तेव्हा कदाचित लक्षात येईल, की हवा असलेला माणूस आधीच आपल्या शिडीवर उभा आहे.

पुढच्या आठवड्यात: दिवाळीच्या मालाची खरेदी उधारीवर करावी की रोखीने. भेटूच.