मदतीचा कार्यक्रम, पण गाणं गाण्यासारखं

शिरूर

चि. भाचेबुवा,

दौंडच्या समूहगानात तुला घेतलं आणि पहिलाच कार्यक्रम ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या मदतीसाठी आहे, हे ताईकडून कळलं. बरं वाटलं. पण परवा फोनवर तू जे म्हणालास, "मामा, चॅरिटी शो आहे, थोडं इकडंतिकडं झालं तर लोक सांभाळून घेतील," ते काही डोक्यातून जाईना. फोनवर तू हो हो म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून कागदावर लिहितो आहे.

लोक सांभाळून घेतील, यात शंका नाही. मला भीती त्याचीच वाटते. शिरूरहून न्हावऱ्यावरून तुमच्याकडे यायचं तर चौफुला लागतो. तिथल्या संगीत बारीत समोर बसलेल्याला गाणं रुचलं नाही, तर त्याचा हात खिशाकडे जात नाही. गाणाऱ्या बाईला तिचा निकाल तिथल्या तिथे कळतो, आणि उद्या पुन्हा त्याच परीक्षेला बसायचं असतं. तुमच्या कार्यक्रमाला येणारा माणूस पैसे आधीच देऊन बसलेला. काम चांगलं आहे म्हणून तो बेसूर गाण्यालाही टाळ्या वाजवणार. पैसे परत मागणं त्याला शोभत नाही, नावं ठेवली तर तोच वाईट ठरतो. ज्याला तक्रारीची सोय नाही त्याच्यापुढे उभं राहायचं तर तयारी जास्त लागते, कमी नाही.

संयुक्त मानापमानाची गोष्ट तुला अर्धीमुर्धी ठाऊक असेल. ८ जुलै १९२१, मुंबई. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन स्पर्धक कंपन्या एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. त्या रात्री या दोघांपैकी कुणी 'फंडासाठीच तर आहे' म्हणून हात राखून गायलं असतं, तर लोकांनी देशासाठी तेही गोड मानून घेतलं असतं. पण दोघेही जीव ओतून गायले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. शंभर वर्षं उलटली तरी त्या प्रयोगाचं नाव निघतं ते गाण्यामुळे. फंडाचा आकडा आज किती जणांच्या तोंडी आहे?

इतक्या लांब जायला नको. आपल्या तालुक्यातले कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर हुंड्यावर, व्यसनांवर लिहायचे. विषय उपदेशाचे, पण तमाशाच्या फडांनी त्यांची गाणी उचलली. फडवाल्यांना पुण्य नको असतं, चालणारं गाणं लागतं.

आता कामाचं. पहिली गोष्ट पट्टीची. तुमच्यात बाया-पुरुष दोन्ही आहेत. पुरुषांना साधारण काळी एक-दोन सोयीची, बायकांना काळी चार-पाच. सगळ्यांना एकाच पट्टीत कोंबलं की वरच्या षड्जाला पुरुष ओरडतात, नाही तर मंद्रातल्या पंचमाला बायका पुटपुटतात. पेटीवाल्याला जी पट्टी हाताला सोपी, ती मंडळाची पट्टी होऊ देऊ नका. (असले पेटीवाले मी पुष्कळ पाहिलेत.) मधली पट्टी धरा, ध्रुवपद सगळ्यांनी म्हणा, वर चढणारा अंतरा बायकांकडे आणि खालचा पुरुषांकडे द्या. आणि गाणी निवडताना कुठलं लोकप्रिय आहे याआधी सगळ्यांच्या गळ्यात कुठलं बसतं ते पाहा. एकट्या लताबाईंसाठी बांधलेली चाल तीस जणांच्या तोंडी दिली की तीस ठिकाणी फाटते.

दुसरी गोष्ट श्वासाची. सगळ्यांनी एकाच जागी दम घेतला की ओळीत भोक पडतं. यवतला पालखीच्या मुक्कामाला तू पिठलं-भाकरी वाढायला जातोस, तेव्हा दिंडीतल्या भजनाकडे कान दे. टाळकरी दोन रांगांत उभे असतात. एका रांगेनं चरण म्हटला की दुसरी तोच उचलते, आणि पहिली तेवढ्यात दम घेते. देहूपासून पायी आलेल्या माणसाचा गळा पुढे वरवंडलाही टिकतो तो असा. तुम्हीही ठरवून घ्या, कोण कुठल्या शब्दानंतर श्वास घेणार. पोवाड्यातले झीलकरी हेच करतात. शाहिराला दम घ्यायला जागा ते देतात, आणि टाळ्या शाहिराला पडतात याचं त्यांना काही वाटत नाही. तुला सुरुवातीला वाटेल. तुझा आवाज चांगला आहे हे तुला ठाऊक आहे, तुझ्या आईनं ते सगळ्या दौंडला सांगितलेलं आहे. पण शेजारच्याचा आवाज तुला ऐकू येईनासा झाला, की समज तू जास्त मोठ्यानं गातो आहेस. मग सूर तसाच ठेवून आवाज खाली आण.

शब्द पाठ करा. मोबाइलमध्ये बघून गाणारा वृंद मान खाली घालून गातो आणि आवाज पायांत पडतो. गाडीचा भोंगा वाजणार, जंक्शनच्या गावात तो वाजायचाच. लय सोडू नका, आणि निवेदकाला आधीच बजावून ठेवा की त्यावर विनोद करायचा नाही. तो विनोद दौंडकरांनी जन्मभर ऐकलाय.

सत्काराबद्दल मला जरा चिडूनच लिहावंसं वाटतं. दोन तासांच्या कार्यक्रमात पाऊण तास शाल-श्रीफळ आणि भाषणं, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की कुणाला खटकतही नाही. शालींचे पैसे त्या मुलांच्या वाट्यातून जातात. ज्येष्ठांना ते तोंडावर सांगायची तुझी पायरी नाही, पण तयारीच्या बैठकीत तेवढा विषय काढ. आणखी एक: त्या मुलांना रांगेनं स्टेजवर उभं करून वह्या वाटू नका. त्यांचे आईबाप पहाटेच्या थंडीत फडात ऊस तोडतात, कुणाकडे हात पसरायला आलेले नाहीत. मुलांना यायचं असेल तर येऊ देत, खुर्चीवर बसून गाणं ऐकू देत.

पैशाच्या बाबतीत तुमच्या शेजारीच मोठा दाखला आहे. केडगावला मुक्ती मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या. गावोगाव व्याख्यानं दिली, १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि त्याच वर्षाअखेर बोस्टनला त्यांच्या मदतीसाठी संघटना उभी राहिली. सभासदांनी कबूल केलं ते वर्षाला एक डॉलर, दहा वर्षं. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही शाळा सुरू झाली ती या जोरावर. एका सभेत ऐकणाऱ्यांना रडवून मोठी थैली मिळवणं रमाबाईंना जड नव्हतं, बाई बोलायला बसल्या की विद्वान गप्प होत. पण शाळेला पैसा दर वर्षी लागतो. ऊसतोडीची मुलंही दर हंगामाला येणार. तेव्हा तिकिटासोबत एक छोटा कागद द्या, 'दर वर्षी शंभर रुपये' एवढाच. भरून देतील ते देतील.

हिशेब कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत लावा, हॉलभाडं आणि साउंडवाल्याच्या बिलासकट. वर्गणी जमवण्यासाठी गणेश मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी घेतात, तसं तुम्हालाही काही लागतं का ते आधी विचारून घ्या. तिकीट लावून सिनेमाची गाणी गायची तर त्यांच्या हक्काचंही बघावं लागतं. हे तुमच्या चिटणिसांचं काम, पण तू निदान विचार. गाणाऱ्यानं हिशेब विचारू नये असा कुठे नियम नाही.

तालीम चुकवू नकोस. आदल्या दिवशी लग्नाला जाऊन डीजेपुढे ओरडू नकोस. कोमट पाणी प्यायचं, बाकी खडीसाखर-ज्येष्ठमध आजीच्या समाधानासाठी.

मी येतोय. मामीही येईल. आम्हा दोघांची तिकिटं विकत काढ, पैसे मी देतो, पास नको. आणि पुढच्या खुर्च्या नकोत, त्या सत्कारवाल्यांना राहू देत. अगदी मागच्या, दाराजवळच्या बघ. शब्द तिथवर पोचले की नाही ते मी रात्री जेवताना सांगेन.

तुझा,
मामा