पंखा फिरवण्याआधी, सई

सई, सीतापुऱ्याच्या शेडमध्ये तुम्ही पोरं विमान बांधताय हे आईबाबांना इतक्यात सांगू नकोस म्हणालीस. नाही सांगत. पण जयपुरात तुझ्याजवळचं मोठं माणूस मीच, तेव्हा माझं ऐकावं लागेल.

बांधू नका असं मी म्हणणार नाही. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. 2016 मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं. उडवून बघायची परवानगी मात्र नागरी उड्डाणांवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएकडून मिळाली 2019 च्या ऑक्टोबरात. स्वतः वैमानिक असून ते तेवढे थांबले.

दुसरी गोष्ट आठवली की माझी झोप उडते. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत वेल्डिंग करणाऱ्या 24 वर्षांच्या मुलाने मारुती 800 चं इंजिन बसवून हेलिकॉप्टर केलं होतं. 15 ऑगस्टला ते उडवून दाखवायचं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणीत शेपटीकडचं पातं तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि त्या पंख्याने त्याचा जीव घेतला. हात कसबी होते गं त्याचे. पण वेग वाढवला तेव्हा तो आतच बसलेला होता.

म्हणून माझा हट्ट एवढाच, की जे मोडायचंय ते माणूस जवळ नसताना मोडू दे. पंख उलटा टेकवा, त्यावर वाळूची पोती रचा, वाकतो किती ते मोजा. राइट बंधूंनीसुद्धा 1900 मध्ये ग्लायडर दोरीला बांधून, माणसाच्या जागी साखळ्यांचं वजन ठेवून उडवलं होतं.

इंजिनाचंही तसंच. चाकांपुढे ठोकळे, शेपूट जमिनीतल्या पक्क्या खुंट्याला बांधलेली, थ्रॉटल लांब केबलवर. पंख्याच्या बाजूला, पात्यांच्या रेषेत, कुणीही उभं राहायचं नाही. दीड मीटरचा पंखा मिनिटाला 2,400 फेरे घेतो तेव्हा पात्याचं टोक ताशी सुमारे 680 किलोमीटरने पळत असतं, आणि तुटलेला तुकडा त्याच रेषेत सुटतो. स्विच बंद असला तरी पंखा जिवंत आहे असंच धरून चालायचं. ओढणी शेडबाहेर ठेव, केस बांध. आवळलेल्या प्रत्येक नटवरून खालच्या पट्टीपर्यंत लाल रंगाची एक रेघ ओढून ठेव. चाचणीनंतर रेघ जुळली नाही, तर नट सरकलाय. आणि ती रेघ बांधणाऱ्याने तपासायची नाही, दुसऱ्याने तपासायची.

इथला उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात पारा 42 वर गेला की जयपूरची हवा इतकी विरळ होते, की विमानाला ती महाबळेश्वराहून उंच जागेसारखी लागते. धावपट्टी जास्त लागते, इंजिन दमतं. थंडीत जमलेलं गणित तेव्हा चालत नाही.

सांगानेरचा विमानतळ तुमच्या शेजारीच आहे. तेव्हा परवानगी नसताना ‘मैदानात जरा उचलून बघू’ हे कुणी बोललं तरी तू तिथून निघून ये. विमान दाखवायच्या फेस्टची तारीख जवळ आली म्हणून चाचणी उरकायची नाही, मग मित्र रुसले तरी चालेल. माझं नाव सांग त्यांना, ताई ऐकत नाही म्हणावं.

पहिल्यांदा पंखा फिरवाल त्या दिवशी मला बोलाव. आग विझवायचा सिलिंडर मी आणते, इंजिन बंद करायचं बटण माझ्या हातात दे.