चौकस कोण, भोचक कोण?

अगं, "सगळ्या मेल्या भोचक, मला हळदीकुंकवाला जायचंच नाही," म्हणालीस ना, तेव्हाच ठरवलं, तुझ्याशी नीट बोलायचं. लग्नाला दोन वर्षं झाली की संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत जाशील तिथे तेच. तिळगूळ हातावर पडायच्या आत, "मग, गोड बातमी कधी?" जिवाला लागतं गं, कळतं मला.

पण सगळ्यांना एका माळेत ओवू नकोस. खालच्या काकू "आज उशीर झाला? जेवलीस का?" म्हणतात, ती विचारपूस. ती माया आहे, तिला भोचकपणा म्हणू नये. भोचक बाईला तुझ्या सुखदुःखाशी देणंघेणं नसतं, तिला आतली बातमी हवी असते. पगार किती, सासूने काय घातलं, वेगळं राहायचा विचार आहे का! चोंबडी तिच्या पुढची. ती ऐकलेलं इकडचं तिकडे करते, न बोलावता दोघींच्या मध्ये पडते. भोचक बाईला उत्तर दिलं नाही की बहुधा विषय संपतो. चोंबडीसमोर मात्र तोंडातून शब्द जपूनच काढायचा.

उत्तर छोटं ठेव. "असेल तेव्हा सांगेनच की, काकू. तुमचे गुडघे काय म्हणतात?" बस्स. डॉक्टर, तपासण्या, ऑफिसचा ताण, यातलं काही सांगत बसू नकोस. एक कारण दिलंस की त्यावर दोन प्रश्न येतात. तरीही कुणी पिच्छा सोडला नाही, तर हसू बाजूला ठेवून सांग, "हे आमच्या दोघांतलं आहे, त्यावर मी बोलणार नाही." सासरच्या माणसांना हे नवऱ्याने सांगायचं. ते ओझं तू एकटीने वाहू नकोस.

आणि एक. तुमच्याकडची धाकटी पुतणी मोठ्यांत बसून 'का' आणि 'कसं' विचारते, तर सगळे तिला चोंबडी म्हणतात. तेच तिच्या भावाने विचारलं की "पोरगा चौकस आहे हो!" हे मला अजिबात पटत नाही. ती मुलगी कुणाचं गुपित उकरत नाही, जग समजून घेते आहे. तिला चौकसच म्हण, आणि दुसऱ्या कुणी चोंबडी म्हटलं तर तिथल्या तिथे अडव.