सुटे भाग घाऊक आणताना जहाजभाडे कसे कमी करावे?

प्रश्न : सोलापुरातील टेरी टॉवेल उत्पादकांनी चीनमधून यंत्रमागांचे सुटे भाग मागवताना वाहतूकखर्च कसा आटोक्यात ठेवावा?

उत्तर : भारतात सीमाशुल्क केवळ मालाच्या किमतीवर नव्हे, तर जहाजभाडे आणि विमा मिळवून होणाऱ्या मूल्यावर आकारले जात असल्यामुळे, भाड्यात वाचलेला प्रत्येक रुपया करातही थोडी बचत घडवतो. इतरांच्या मालासोबत कंटेनर वाटून घेतल्यास भाडे घनमीटर किंवा टन यांपैकी जे अधिक भरेल त्यावर आकारले जाते. हे दर वरवर स्वस्त दिसले, तरी न्हावा शेवा येथे माल सोडवताना हाताळणीचे अनेक आकार त्यात भर घालतात. म्हणून सुमारे ३३ घनमीटरांचा वीस फुटी कंटेनर बऱ्यापैकी भरत असेल, तर तो पूर्ण घेणेच बहुधा परवडते. एकट्याची मागणी तेवढी नसल्यास काही उत्पादकांचा माल मालवाहतूक दलालाने एकाच कंटेनरमध्ये भरून प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र भरणपत्र, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती, द्यावे.

विक्रेत्याने भाड्यासह सांगितलेली किंमत मोहक असते, पण जहाज कंपनी त्याने निवडलेली असल्याने बंदरावरील आकार खरेदीदाराच्या माथी येतात. त्यापेक्षा माल परदेशी बंदरातील जहाजावर चढेपर्यंतचीच किंमत ठरवून भाड्याची बोलणी स्वतः करणे श्रेयस्कर. सोलापूरपर्यंत कंटेनर आणल्यास तो रिकामा परत पाठवण्याचा खर्चही पडतो. त्यामुळे जहाज कंपनीच्या संमतीने त्याच कंटेनरमधून टॉवेलांची निर्यात करता येईल का, हे मागणी नोंदवण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.