खळ्यावरचे छायाचित्र आणि पडत्या दाण्याचा वेग

सुगीच्या दिवसांत माझ्या एका विद्यार्थ्याने मोबाइलवर काढलेले छायाचित्र मला दाखवले. त्याचे वडील खळ्यावर तिवईवर उभे राहून ज्वारी उपणत होते. वडील स्पष्ट आले होते. पण पाटीतून पडणाऱ्या दाण्यांच्या जागी नुसत्या रेघा उमटल्या होत्या. "सर, फोटो बिघडला," तो खट्टू होऊन म्हणाला. मी म्हटले, "बिघडला नाही. या रेघांत दाण्याचा वेग लिहिलेला आहे. तो वाचू या."

कॅमेऱ्यात जितका वेळ प्रकाश घेतला जातो, त्याला उद्भासन काल म्हणतात. तेवढ्या वेळात वस्तू सरकली, तर तिच्या मार्गाची रेघ चित्रात उमटते. म्हणजे रेघेची लांबी भागिले उद्भासन काल, हा झाला वेग.

आता हिशेब करू. पाटीपासून १.२५ मीटर खाली आलेल्या दाण्याचा वेग किती? वेगाचा वर्ग = २ × ९.८ × १.२५ = २४.५. म्हणून वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर. उद्भासन काल १/५० सेकंद असेल, तर रेघ १० सेंटिमीटर लांब येईल. तोच काल १/१००० सेकंद केला, तर दाणा जेमतेम ५ मिलिमीटर सरकेल आणि रेघेऐवजी ठिपका दिसेल. मात्र १/५० ऐवजी १/१००० सेकंद घेतल्यास प्रकाश विसावा हिस्साच मिळतो. म्हणून ठिपक्यांसाठी लख्ख ऊन हवे, तर रेघांसाठी दिवस कलल्यावरचा मंद उजेड बरा.

प्रत्यक्ष प्रयोग असा करा. उपणणाऱ्यांची परवानगी घ्या. दाणे पडतात तिथेच, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर, दर १० सेंटिमीटरला खूण केलेली काठी उभी करा. काठी पुढे-मागे झाली, तर माप चुकेल. वारा चित्रात डावीकडून उजवीकडे किंवा उलट वाहील, अशा बाजूला उभे राहा. मोबाइल विटांच्या आधाराने स्थिर ठेवा आणि उद्भासन काल स्वतः ठरवा. ती सोय नसेल, तर चित्राच्या तपशिलात तो बहुधा नोंदलेला असतो.

रेघ मोजल्यावर वेग हिशेबापेक्षा थोडा कमी भरेल. ती तुमची चूक नव्हे; हवेचा विरोध हे त्याचे कारण.

आता भुसाकडे पाहा. भूस हलके व पसरट. हवेचा विरोध लवकरच त्याच्या वजनाइतका होतो आणि खाली येण्याचा वेग वाढायचा थांबतो. वारा मात्र त्याला बाजूला नेतो. म्हणून भुसाच्या रेघा आखूड आणि तिरप्या येतात. रेघ ४५ अंशांनी तिरपी असेल, तर भूस जितक्या वेगाने खाली येते, तितक्याच वेगाने बाजूला जाते, हे कोनमापकानेच कळते. दाण्याची रेघ मात्र जवळजवळ उभी. रास पायाशी आणि भूस दूर का पडते, याचे उत्तर एकाच चित्रात मिळते.

मळणीयंत्रे आल्यापासून हाताने उपणणे कमी झाले आहे. तुमच्या गावी ते अजून चालत असेल, तर येत्या सुगीत दोन्ही उद्भासन कालांनी चित्रे घ्या. पहिले दाणा दाखवील, दुसरे त्याचा वेग. आणि रेघा उमटलेले चित्र पुसून टाकण्यापूर्वी एकदा मोजपट्टी हाती घ्या.