अल्प खर्चांत परदेशप्रवास : श्रीलंकेचा बेत

परदेश पाहणें हें नोकरदाराचें किंवा व्यापाऱ्याचें काम, शेतकऱ्यास तें परवडावयाचें नाहीं, अशी समजूत आपल्या वर्गांत दृढ आहे. उलट पक्षीं, पीककर्ज उचलून त्यांतून सहलीचे पैसे भरणारेही अलीकडे आढळतात. मध्यम स्थितीच्या बागाईतदारानें पत्नीसह, कर्ज न काढतां, दहा दिवस परदेशीं सुखानें राहून यावें हें शक्य आहे काय, याचा विचार आम्ही येथें श्रीलंकेच्या उदाहरणानें करणार आहोंत. मुंबईहून कोलंबो विमानानें सुमारें अडीच तासांवर आहे. तेथील पिकें व पाणी आपणांस समजण्यासारखीं आहेत. आणि आपल्या एका रुपयास तेथील तीनांहून अधिक रुपये मिळतात. एक गोष्ट आधींच सांगून टाकतों. सहलीस ‘अभ्यासदौरा’ म्हणण्याची जी प्रथा पडली आहे ती आम्हांस पसंत नाहीं. आनंदासाठीं जावयाचें तर तसें मोकळेपणानें म्हणावें, व घरधनिणीस बरोबर न्यावें.

पैशांच्या आधीं पिकाचें वेळापत्रक मांडावें. श्रीलंकेस दोन पावसाळे आहेत. नैर्ऋत्येचे वारे मे ते सप्टेंबरपर्यंत पश्चिम व दक्षिण भागांत पाऊस देतात, तर ईशान्येचे वारे डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तर व पूर्व भाग भिजवितात. म्हणून जानेवारी ते मार्च पश्चिम किनारा व डोंगराळ मुलूख पाहण्यास चांगला. जुलै-ऑगस्टांत पूर्व किनारा व मधला कोरडा प्रदेश चांगला. खरीप घरांत आलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यास रब्बी ज्वारीच्या काढणीपूर्वीं जानेवारी महिना मोकळा सांपडतो. द्राक्षबागाईतदारास तो सोयीचा नाहीं. एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळ छाटणी यांमधील जुलै-ऑगस्टचा काळ त्यानें घ्यावा. ऊसवाल्यानें मात्र तोड झाल्याखेरीज तिकीट काढूं नये. तोडणीची टोळी कोणत्या दिवशीं फडांत उतरेल हें सांगण्यास अद्याप कोणी ज्योतिषी निपजलेला नाहीं! एप्रिलच्या मध्यास तेथील नववर्ष असतें; त्या आठवड्यांत गाड्यांस अतोनात गर्दी होते व पुष्कळ दुकानें बंद असतात, तो टाळावा.

आतां खर्चाचा हिशेब. जाण्यायेण्याचा खर्च चार दिवस राहिलें तरी तेवढाच व दहा दिवस राहिलें तरी तेवढाच. समजा, दोघांचें विमानभाडें, व्हिसा व मुंबईपर्यंतचें भाडें मिळून ४०,००० रुपये झाले, आणि तेथें राहणें-जेवणें-फिरणें यांस रोज ४,००० लागले. चार दिवसांच्या सहलीस ५६,००० रुपये पडतील, म्हणजे दिवसास १४,०००. दहा दिवसांस ८०,००० पडतील, म्हणजे दिवसास ८,०००. चार दिवसांत आठ गांवें दाखविणाऱ्या सहली महाग कां पडतात हें यावरून उघड होईल. या ८०,००० त पासपोर्टचे ३,००० मिळवावे. घरीं धारा काढण्यास व मोटार चालू करण्यास जो गडी ठेवाल त्याची दहा दिवसांची मजुरीही प्रवासखर्चांतच धरावी. ती बहुतेकजण विसरतात, आणि मग भावाच्या डोक्यावर काम टाकून गेल्याचा अबोला वर्षभर पुरतो. कांहीं रक्कम दुखण्याभाण्यासाठीं व प्रवास-विम्यासाठीं ठेवावी. एकूण लाखाच्या आंतबाहेर बेत बसतो. दुधाच्या बिलांतून दरमहा सव्वाचार हजार आवर्त ठेवींत टाकल्यास दोन वर्षांत तो साधतो. ज्यास एवढी शिल्लक पडत नाहीं त्यानें तीन वर्षें थांबावें. सोसायटीच्या कर्जास हात लावूं नये.

छत्तीस पानी पासपोर्टाचें साधें शुल्क १,५०० रुपये असून तो प्रौढांस दहा वर्षें चालतो. आधार, जन्मदाखला व शाळेचा दाखला यांवर नांव एकाच तऱ्हेनें लिहिलेलें असावें. विलंबाचें कारण बहुधा हेंच असतें. व्हिसाचे नियम वरचेवर पालटतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वीं सरकारी संकेतस्थळावर ते पाहावे. सहल-कंपनीमार्फत जाणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, परदेशी सहलीच्या रकमेवर कंपनी आयकर आगाऊ वसूल करते. ज्याचें उत्पन्न केवळ शेतीचें आहे त्यास तो परत मिळूं शकतो, परंतु विवरणपत्र भरलें तरच.

मुक्कामाचीं ठिकाणें तीनच ठेवावीं. अनुराधपूर येथें तीन दिवस राहिलें म्हणजे प्राचीन तलावांचा प्रदेश पाहतां येतो, आणि आमच्या मतें शेतकऱ्यास याहून रमणीय दुसरें कांहीं नाहीं. कलावेवा हा तलाव पांचव्या शतकांत धातुसेन राजानें बांधिला. पोलोन्नरुवा येथील पराक्रमसमुद्र बाराव्या शतकांतील. कलावेवापासून अनुराधपुराकडे आणलेला सुमारें ८७ किलोमीटरचा कालवा इतक्या मंद उतारानें नेला आहे कीं, आरंभींच्या टप्प्यांत मैलामागें उतार अवघा सहा इंच पडतो. खेड्याखेड्यांतील लहान तलाव ओळीनें एकाखालीं एक असून वरच्याचें वाहून गेलेलें पाणी खालचा धरतो. या पद्धतीस राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषि संघटनेनें २०१७ सालीं जागतिक कृषि-वारशाचा मान दिला. भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलाव ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ही मांडणी ओळखीची वाटेल. सायंकाळीं बांधावर बसण्यास तिकीट पडत नाहीं. जेथें तिकीट आहे तेथेंही सार्क देशांच्या नागरिकांस कांहीं प्राचीन स्थळीं सवलत मिळते, यास्तव पासपोर्ट जवळ बाळगावा.

दुसरा मुक्काम कँडीस चार दिवस. जवळच पेरादेनियाचें वनस्पति-उद्यान १८२१ पासून आहे. १८६९ त तांबेरा पडून या बेटाचा कॉफीचा धंदा बुडाला व मळेवाल्यांनीं चहा धरिला, ही कथा डोंगरावरील मळे पाहतांना स्मरावी. खतांच्या बाबतींत तेथील शेतकऱ्यांनीं २०२१ त जें सोसलें, म्हणजे रासायनिक खतांवर अकस्मात् बंदी व त्याच वर्षीं माघार, त्याविषयीं त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखें आहे. डोंगरांतील रेल्वेचा तिसरा वर्ग अत्यंत स्वस्त असून खिडकींतील देखावा पहिल्या वर्गाचाच असतो. नोव्हेंबर २०२५ च्या दित्वा चक्रीवादळानें या मार्गाची मोठी हानि झाली. यास्तव कोणत्या टप्प्यांत गाडी चालू आहे याची आधीं चौकशी करावी. शेवटचा मुक्काम नेगोंबोच्या समुद्रकांठीं करावा. विमानतळ तेथून जवळ असल्यानें मध्यरात्रीं कोलंबोहून भाड्याची मोटार करावी लागत नाहीं.

जेवणाचा प्रश्न सोपा आहे. भात व चार-पांच रस्से सर्वत्र मिळतात. शाकाहारी मंडळींनीं सावध असावें, कारण उंबलकड नांवाची सुकी मासळी तेथें भाज्यांत व नारळाच्या चटणींतही घालतात. ‘माळु एपा’, म्हणजे मासळी नको, एवढे दोन शब्द पाठ करावे. तमिळ लोकांचीं शैव भोजनालयें या दृष्टीनें निर्धास्त आहेत. सोबत मेतकूट असावेंच.

परततांना एक मोह मात्र आवरावा. दालचिनीचें रोप, केळीचा मुनवा किंवा नव्या भाताची मूठभर लोंबी पिशवींत लपवून आणणारे आपल्यांतच असतात. २००३ च्या वनस्पति-विलगीकरण आदेशान्वयें परवान्याशिवाय बीं-रोपें देशांत आणतां येत नाहींत. गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम दिसलें. तें परदेशी धान्यांतून आल्याचें मानितात, आणि आज तें कोणाच्या बांधावर नाहीं? चहाचे डबे व दालचिनीच्या वाळलेल्या काड्या दुकानाच्या बंद वेष्टनांत, पावतीसह, घ्याव्या. आणि उतरल्यावर अधिकाऱ्यानें विचारल्यास दाखवाव्या.